डबल बरा झाला होता

अम्मीच्या शेवटच्या आजारपणात एकदा वाटलं होतं, हिला सांगून टाकावं. दुपारची वेळ, घरात दुसरं कुणी नाही, तिची खाट खिडकीपाशी. तोंड उघडलं — आणि विचारलं काय, तर चहा ठेवू का? तेवढी एक वेळ सोडली तर ही गोष्ट माझ्या जिभेपर्यंत कधी आलीच नाही. म्हणजे ऐकणारे तुम्हीच पहिले.

आता सांगायला बसलो तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. धंद्यापासून करतो. धंद्याबद्दल बोलायला मला आवडतं. शिवाय — खोटं कशाला बोलू — तेवढाच मूळ गोष्टीला उशीर होईल.

मी रफिक. गाव भांडगाव. सोलापूर रस्त्यानं यवत सोडलं की लागतं ते. वडील जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, त्यामुळं लहानपणापासून घरात औषधाचा वास आणि दारात कुणाची तरी लंगडणारी शेळी. मला मात्र ओढ कुत्र्यांची. पुण्यात एक निवृत्त डॉक्टरबाई होत्या, जनावरांच्या. कुत्र्यांना शिकवायचं कसं, याचा वर्षभराचा वर्ग त्या स्वतःच्या बंगल्याच्या आवारात घ्यायच्या. शनिवार-रविवार एसटीनं जाऊन मी तो केला. लेखी परीक्षा दिली, हातानं करून दाखवायची परीक्षा दिली, आणि सर्टिफिकेट घेऊन आलो. ते फ्रेम करून भिंतीवर लावलं तेव्हा गावानं पोट धरून हसून घेतलं. पारावरचे एक आप्पा रोज विचारायचे, "रफिक, तुज्या शाळंत कुत्र्यास्नी डबा असतोय का रं? आन् नापास झालं तर काय करता, म्हंजी पुन्हा त्याच वर्गात बसवता व्हय?"

पण दोन-तीन वर्षांत लोक यायला लागले. तेव्हा रांजणगावला कारखाने येत होते, तिथल्या साहेब लोकांकडं मोठाली कुत्री. पाटसच्या बाजूचे ऊसवाले डॉबरमन आणायचे आणि मग त्यालाच घाबरून गडी शेतावर यायचा बंद व्हायचा. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका गार्डचं पामेरियन इंजिनाची शिट्टी झाली की पलंगाखाली जाऊन बसायचं — दौंडात राहून! मी घरोघर जायचो. मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, मुद्दाम घाबरवायचं नाही. डॉक्टरबाईंनी हे तीन नेम शिकवले होते आणि मी प्रत्येक दारात ते पहिल्यांदा सांगायचो. खायला देऊन, कौतुक करून, हळूहळू. लोकांना वाटायचं हा काय लाड करतो. महिन्याभरानं तेच लोक आपल्या कुत्र्याशी बोलताना आवाज खाली आणायचे. ते बघायला मला फार आवडायचं. मला रफिकमास्तर म्हणायला लागले ते तेव्हापासून.

डॉक्टरबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. म्हणाल्या होत्या, "रफिक, कुत्रा तुझा नाही. तू माणसाला त्याचा कुत्रा परत द्यायला जातोस. हे ज्या दिवशी विसरशील त्या दिवशी काम सोड."

मी विसरलो. काम सोडलं नाही.

शिरूरला एक साळवेबाई होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय पन्नाशीच्या अलीकडं, बोलणं अगदी फळ्यावर लिहिल्यासारखं स्वच्छ. त्यांचे मिस्टर एसटीत कंडक्टर. डेपोत दुरुस्तीला उभ्या असलेल्या गाडीखाली त्यांना एक पिल्लू सापडलं. अर्धं अल्सेशियन, अर्धं गावठी. एक कान ताठ आणि दुसरा कायमचा मोडलेला. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली की गाडी निघते — डबल. पिल्लूही एवढंसं असताना सारखं निघायच्याच तयारीत. म्हणून त्याचं नाव डबल. सुट्टीच्या दिवशी साळवे त्याला न्हावऱ्याच्या गाडीत घालून फिरवून आणायचे. ते कंडक्टरच्या सीटखाली मुकाट बसायचं आणि डबल बेल झाली की शेपटी आपटायचं. सगळा डेपो त्याला ओळखायचा.

साळवे अचानक गेले. सकाळी ड्युटीला निघताना, बूट घालता घालता. त्यांच्या जलदान विधीला, म्हणजे बौद्धांत माणूस गेल्यावर करतात त्या कार्यक्रमाला, दारात मांडव घातला होता. माणसं येणार, कुणाच्या अंगावर जायला नको, म्हणून बाईंनी डबलला घरामागं साखळीनं आखूड बांधलं. त्याला कधीच बांधायची सवय नव्हती. कार्यक्रम झाल्यावर मांडववाल्यांनी लोखंडी पाईप सोडवून नेमके तिथंच, मागच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि ते सगळेच्या सगळे त्याच्या शेजारी कोसळले. लागलं नाही. पण पळता येत नव्हतं. तेव्हापासून लोखंड वाजलं की डबल डबल राहायचा नाही. कडी, बादली, तवा — काहीही. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याच्या पोटरीला चावला, तेव्हा गल्लीनं बाईंना सांगितलं, कुत्रं घालवा नाहीतर नगरपालिकेला कळवू.

कुणीतरी माझं नाव सांगितलं. डेपोतल्या एका कंडक्टरनं दोघांना चौफुल्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं भांडगाव. बाई खाली उतरल्या, डबलचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला. मला म्हणाल्या, "मी पोरांची बाई, तुम्ही कुत्र्यांचे मास्तर. हा माझा नापास झालेला मुलगा समजा. ह्यांची तेवढीच आठवण आहे हो घरात."

मी तपासलं, वागणं बघितलं आणि म्हणालो, सहा आठवडे माझ्याकडं राहू द्या, बरा करून देतो.

बरा करून देतो. हेच शब्द.

आता डबलबद्दल सांगू? सांगतोच. त्याच्याइतकं समजूतदार जनावर मी पाहिलं नाही. पहिल्या आठवड्यात मी आवाराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून दोन चमचे एकमेकांवर हळूच टेकवायचो आणि लगेच त्याला टोस्टचा तुकडा टाकायचो. चमचे, टोस्ट. चमचे, टोस्ट. मग दहा पावलं जवळ. मग वाटी, मग ताट, मग बादलीची कडी. कुठंही तो बिचकला की मी दोन पावलं मागं यायचो. हा सगळा धीराचा खेळ. चौथ्या आठवड्यात मी त्याच्या शेजारी फरशीवर लोखंडी पाईप टाकला तर तो पाईपाकडं बघायचं सोडून माझ्या खिशाकडं बघत होता — टोस्ट कुठाय? मी एवढा हसलो की खालीच बसलो, आणि तो माझ्या मांडीवर दोन्ही पाय टाकून माझं तोंड चाटायला लागला.

चौथ्या आठवड्यात. सहाव्या नाही. हे लक्षात ठेवा.

अम्मी नमाजी बाई. कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही, हा घराचा कायदा होता आणि मी तो कधी मोडला नाही. शिकायला आलेली कुत्री मागच्या शेडमध्ये. पण डबल उंबऱ्याबाहेर असा बसायचा की पुढचे पाय बरोबर रेघेला टेकलेले, आत नखसुद्धा नाही. कुणी शिकवलं नव्हतं. अम्मी दोन-तीन दिवस बघत राहिली आणि मग एके दिवशी तांदूळ निवडता निवडता त्याच्याशी बोलायलाच लागली. मला म्हणाली, "इसकू तमीज है रे. तेरेकू नई, इसकू है."

तुम्हाला वाटेल, मी अम्मीसाठी केलं. तसं सांगता आलं असतं. पण अम्मीनं कधी म्हटलं नव्हतं की ठेवून घे. मलाच तो हवा होता.

मी तेव्हा चाळिशीला आलेलो. लग्न जमलं नव्हतं, नंतरही जमलं नाही. शेकडो कुत्री हाताखालून गेली आणि प्रत्येक कुत्रं चांगलं झालं की निघून जायचं. आमच्या धंद्यात वाईट कुत्रं तेवढं तुमच्याकडं राहतं. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. डबलच्या वेळी वाटलं. सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो की तो नळापाशी उभा असायचा. माझी सायकल कुठल्या बाजूनं येणार हे त्याला कसं कळायचं कुणास ठाऊक. आणि तो मोडका कान — मी बोलायला लागलो की तेवढाच अर्धा वर यायचा.

सहा आठवडे भरले तेव्हा ढाब्याशेजारच्या एसटीडी बूथवर बाईंचा फोन आला. मी म्हणालो, अजून पंधरा दिवस द्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं मास्तर. घाई नको." पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. मी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, रविवारी येते, निदान बघून तरी जाते. अकराच्या गाडीनं.

आता तो रविवार.

नाही, आधी एक सांगतो. मी खोटं बोलून त्याला ठेवू शकलो असतो. अजून बरा नाही, वेळ लागेल, असं. पण त्या येणार, त्याला बघणार, त्यांना दिसणार की तो बरा आहे. बाई शिक्षिका होत्या. कुणाला काय येतं आणि काय येत नाही, हे त्यांना एका नजरेत कळायचं. नुसत्या शब्दांनी भागणार नव्हतं. हे मला शनिवारी सायकलवरून येताना कळलं. आणि काय करावं लागेल हेही तिथंच कळलं. म्हणजे रागाच्या भरात झालं, भान सुटलं, असलं काही नाही. रात्रभर माझ्याकडं वेळ होता.

सकाळी दहा वाजता मी डबलला शेडमागं नेलं. साखळी बाहेर काढली. माझ्याकडं आल्यापासून त्याला साखळी लावली नव्हती. ती लावताना तो माझा हात चाटत होता. खांबाला आखूड बांधला, तोंड भिंतीकडं. विहिरीवरचे जुने लोखंडी पाईप तिथं पडलेले होते, ते सातआठ पाईप मी भिंतीला उभे टेकवले. त्याच्या मागच्या बाजूला, त्याला दिसणार नाहीत असे. आणि पाडले.

एकदा नाही. दोनदा.

पहिल्यांदा तो ओरडला. दुसऱ्यांदा ओरडलाही नाही, नुसता जमिनीला चिकटला आणि जागीच मुतला. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. तुम्ही म्हणाल कुत्र्याच्या नजरेत काय असतं, आपणच अर्थ लावतो. डॉक्टरबाईही तेच सांगायच्या. मी अर्थ लावत नाही. एवढंच सांगतो की तो माझ्याकडं सरकला. साखळी पुरेल तेवढा. घाबरला की माझ्याकडं यायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

बाई आल्या. मी डबलला फाटकापाशी आणलं होतं, साखळीसकट. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरून खाली बसल्या. डबलची शेपटी हलली — एवढं होऊनसुद्धा हलली. त्यांनी त्याच्या गळ्यात हात घातला. आणि मी साखळी लोखंडी फाटकावर आपटली. हात निसटला असं दाखवून.

तो फिरला आणि समोर होतं त्याला चावला. समोर बाईंचा हात होता.

बाई ओरडल्या नाहीत. हाताला रक्त, आणि त्या म्हणत होत्या, "डबल, अरे मी आहे. मी आहे ना रे."

नंतरचं सगळं मी अगदी रीतसर केलं. जखम नळाखाली साबणानं बराच वेळ धुतली. कुत्र्याला लस दिलेली होती तरी बाईंना यवतला डॉक्टरकडं नेलं, इंजेक्शन द्यायला लावलं, पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. दवाखान्याच्या बाकावर बसून मी म्हणालो, "बाई, मी शर्थ केली. पण तुमच्या गल्लीत, सिलिंडरच्या, भांड्यांच्या आवाजात हा राहणार नाही." हे बोलताना माझा आवाज भरून आला होता. खरोखरच भरून आला होता, याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

बाई पट्टी बांधलेल्या हाताकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "मीच बांधला होता हो त्याला. लोक येणार म्हणून. हे असते तर बांधू दिला नसता." आणि विचारलं, "इंजेक्शन देऊन मारणार नाही ना तुम्ही?"

मी म्हणालो, नाही. मी सांभाळीन.

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मला म्हणाल्या, तुम्ही देवमाणूस आहात. देवबिव न मानणारी बाई ती.

त्यांना एसटीत बसवून आलो तर डबल शेडमध्ये पेंढ्यात शिरून बसला होता. आठ दिवस माझ्या हातातलं खाल्लं नाही. अम्मीनं ठेवलेलं खायचा. अम्मीनं विचारलं, "क्या हुआ इसकू?" मी म्हणालो, पाईप पडले. मी काही खोटं बोललो का? नवव्या दिवशी मी पायरीवर बसलो होतो, तो आला आणि माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. मी पुन्हा चमच्यांपासून सुरुवात केली. पावसाळा संपायच्या आत तो पुन्हा बरा झाला.

आणि मग आमचे दिवस फार चांगले गेले. हे लपवलं तर कबुली अर्धी राहील. आठ-नऊ वर्षं. घाबरट कुत्री त्याच्या शेजारी बसवली की आपोआप शांत व्हायची. त्याला घेऊन मी शाळाशाळांतून जायचो, पोरांना सांगायचो की कुत्र्याला दगड मारू नका, कधी मुद्दाम घाबरवू नका. डबल टेबलाशेजारी बसून जांभया द्यायचा आणि पोरं हसायची. लांबलांबचे लोक यायला लागले, त्यांना त्याच्याकडं बोट दाखवून सांगायचो, हा चावरा होता, बघा आता. यवतच्या बाजारात तो वेल्डिंगच्या दुकानासमोर पाय पसरून झोपायचा. पारावरच्या आप्पांनी हसायचं सोडलं होतं. म्हणायचे, "मास्तर, ह्ये कुत्रं तुमच्यापेक्षा शिकलेलं हाय."

बाईंचं पोस्टकार्ड महिन्याला यायचं. वळणदार अक्षर. डबल कसा आहे, खातो का, थंडीत आत घेता का? मी उत्तर द्यायचो आणि प्रत्येक कार्डात एक ओळ घालायचो — अजून अनोळखी माणसावर धावतो, येऊ नका. त्या आल्या नाहीत. पण डेपोतले कंडक्टर, साळव्यांचे दोस्त, चौफुल्याच्या टपरीवर कापडी पिशवी ठेवून जायचे. पिशवीत टोस्ट. एकदा साळव्यांचा जुना खाकी स्वेटर, डबलच्या अंथरुणासाठी. त्याच्या वासानं डबलनं दोन दिवस तो स्वेटर सोडला नाही. मी तो धुऊन टाकला. विचारू नका का. कळतंय तुम्हाला.

पाचेक वर्षांनी त्या आल्या. न कळवता. यवतला कुणाच्या तरी लग्नाला आल्या होत्या आणि बाजारात वेल्डिंगच्या दुकानासमोर त्यांना डबल दिसला. आत कारागीर हातोडा घालत होता, ठिणग्या उडत होत्या आणि डबल डोळे मिटून पडला होता. मी पलीकडं भाजी घेत होतो. वळून बघितलं तर बाई रस्त्यात उभ्या.

डबलनं डोळे उघडले. कान वर केला. मग उठला आणि त्यांच्याकडं जो गेला — उड्या मारल्या नाहीत, भुंकला नाही — सरळ जाऊन त्यांच्या पोटात डोकं खुपसून उभा राहिला. एक बारीक आवाज काढत होता, तसा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

बाईंनी मला विचारलं, "कधीपासून बरा आहे हा?"

बघा, पुन्हा संधी आली होती. दिवसाउजेडी, भर बाजारात.

मी म्हणालो, "आत्ताच, सहा महिने झाले असतील. तुम्हाला लिहिणारच होतो."

त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडं दिला ते बरंच झालं. मी एवढी वर्षं नसतं हो केलं." घरी न्यायचा विषयसुद्धा त्यांनी काढला नाही. म्हणाल्या, म्हातारा होत आलाय, आता कशाला हलवायचा. लग्न तसंच टाकून दोन तास त्याच्यापाशी बसल्या. शेजारच्या टपरीवरून टोस्ट आणला. मला त्यांनी चहा पाजला.

मग त्यांची गाडी आली. त्या चढल्या आणि त्यांच्या मागोमाग डबल चढला. सरळ कंडक्टरच्या सीटखाली जाऊन बसला, लहानपणी बसायचा तसा. गाडीतले लोक हसायला लागले. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट कोण काढनार?" बाई नुसत्या बघत राहिल्या. पाय आखडून घेतले, त्याला जागा व्हावी म्हणून.

मी पायरीवर चढलो आणि म्हणालो, "डबल, उतर."

त्यानं बाईंकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि उतरला. मी हाक मारली की असेल ते सगळं सोडून यायचं — मी शिकवलेली ही सगळ्यात पक्की गोष्ट होती. मी चांगला मास्तर होतो.

पुढं डबल म्हातारपणानं गेला. सकाळच्या उन्हात, अम्मीच्या खाटेपाशी. अम्मीनं स्वतः उठून त्याच्या अंगावर चादर घातली. मी बाईंना कार्ड लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, तुम्ही त्याला सुखात ठेवलंत, माझ्या हातून जे झालं ते तुम्ही निस्तरलंत, उपकार विसरणार नाही. माझ्या हातून जे झालं — म्हणजे ती साखळी. विधीच्या दिवसाची. ती गोष्ट त्यांनी सोडलीच नव्हती. मी एक कार्ड टाकलं असतं तर सुटली असती. बाई, तुमच्या साखळीचं भय चार आठवड्यांत गेलं होतं. दुसरं होतं ते माझं होतं. दोन ओळी. चार आण्यांचं कार्ड. लिहिलं नाही.

दोन वर्षांनी बाई गेल्या. डेपोतल्या कंडक्टरनं सांगितलं. मी शिरूरला गेलो नाही. अम्मी आजारी आहे म्हणालो, ती होतीही.

त्यानंतर सहाएक महिन्यांनी बाईंची मुलगी आली. नगरला दिलेली, आता शिरूरच्या घरी राहायला आली होती. काखेत एक काळं पिल्लू, कापसाच्या बोळ्याएवढं. म्हणाली, "आईनं सांगून ठेवलं होतं, कधी कुत्रं पाळलंस तर भांडगावच्या मास्तरांकडंच ने. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको." बोलणं अगदी आईसारखं, स्वच्छ.

मी पिल्लू हातात घेतलं. मुलीला समोर बसवून सगळं शिकवलं — कसं उचलायचं, कसं बोलवायचं, भांड्याच्या आवाजाची सवय कशी लावायची. ती वहीत लिहून घेत होती. निघताना वाकून अम्मीच्या पाया पडली, मग माझ्या. मी मागं सरलो नाही. डोक्यावर हात ठेवला आणि तिला पिल्लासकट फाटकापर्यंत पोचवून आलो.